कंपवात की पीएसपी: स्कॅन काय सांगतो आणि कुठे गप्प राहतो

प्रश्न असा आला आहे: "वडील ६७ वर्षांचे. दीड वर्षापासून चाल मंदावली आहे. गेल्या सहा महिन्यांत तीन वेळा मागच्या मागे पडले. हाताला थरथर जवळजवळ नाहीच. एका डॉक्टरांनी कंपवात सांगून गोळ्या सुरू केल्या, पण फार फरक नाही. दुसऱ्यांनी पीएसपीची शंका काढली आणि ट्रोडॅट स्कॅन करून घ्या म्हणाले. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'वयानुसार बदल' एवढंच लिहिलंय. माझ्या आत्याचे हात वीस वर्षांपासून थरथरतात, तिला मात्र कोणी कधी स्कॅन सांगितला नाही. वडिलांचा ट्रोडॅट करावा का? त्यातून कंपवात की पीएसपी हे कळेल का?"

नाही, कळणार नाही. (पीएसपी म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, कंपवातासारखा, म्हणजे पार्किन्सन्ससारखा दिसणारा पण वेगळा मेंदूचा आजार.) ट्रोडॅट चांगला स्कॅन आहे, मी स्वतः तो लिहून देतो. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो तुमच्या वडिलांचा प्रश्न नाही. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुमच्या घरात कपाटात ठेवलेल्या एमआरआयच्या पाकिटात आहे. तिथं ते कुणी नीट मोजून पाहिलेलं नाही, एवढंच.

आधी हे आजार इतके सारखे का दिसतात ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मेंदूच्या देठात, अगदी वरच्या भागात, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि लांब तंतूंमधून ते वर पुटामेन आणि कॉडेट या केंद्रांपर्यंत पोचवतात. हालचालीला सुरुवात करणं, ती मोठी आणि मोकळी ठेवणं, हे या पुरवठ्यावर चालतं. पुरवठा तुटला की माणूस मंदावतो, अंग ताठरतं, अक्षर बारीक होतं, चालताना हात हलेनासे होतात. कंपवातात हेच होतं. पीएसपीत हेच होतं. एमएसएतही, म्हणजे मल्टिपल सिस्टीम ॲट्रोफी या तिसऱ्या आजारातही, हेच होतं. फरक इतकाच की कंपवातात बराच काळ मुख्य बिघाड या पुरवठ्यातच राहतो, ज्या केंद्रांना डोपामिन मिळायचं ती स्वतः शाबूत असतात, म्हणून लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या औषधाची, गोळी दिली की माणूस सुटसुटीत होतो. पीएसपी आणि एमएसएत पुरवठाही तुटतो आणि ज्यांना तो मिळायचा ती केंद्रंही खराब होतात. नळाला पाणी सोडून उपयोग नाही, कारण खालची टाकीच फुटली आहे.

जेम्स पार्किन्सनने लंडनमध्ये १८१७ साली कंपवाताचं वर्णन केलं. पीएसपी हा वेगळा आजार आहे हे टोरोंटोच्या तीन डॉक्टरांनी मांडलं ते थेट १९६४ साली. मधल्या काळात असे रुग्ण बहुधा कंपवातासारख्या दुसऱ्याच नावांखाली राहिले असणार. आणि हे फक्त जुन्या काळचं नाही. लंडनच्या मेंदूपेढीत कंपवाताचं निदान घेऊन गेलेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले, त्याचा अहवाल १९९२ साली आला. त्यातल्या ७६ जणांनाच खरोखर कंपवात होता. हे निदान अनुभवी डॉक्टरांनी केलेलं होतं. तेव्हा तुमच्या वडिलांबाबत दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली म्हणून कुणावरही रागावू नका. पहिल्या दोन वर्षांत असं होतं.

आता ट्रोडॅट. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं एक औषध शिरेतून देतात. डोपामिनच्या तंतूंच्या टोकावर जे वाहक प्रथिन असतं, त्याला ते जाऊन चिकटतं. साधारण चार तासांनी कॅमेऱ्याखाली झोपवून चित्र काढतात. निरोगी माणसात दोन्ही बाजूंना दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी आधी जाते, कारण पुटामेनच्या मागच्या भागातले तंतू सर्वांत आधी मरतात, आणि उरतो तो पूर्णविराम. ज्या हाताला त्रास जास्त, त्याच्या विरुद्ध बाजूचा स्वल्पविराम आधी झिजतो. पाश्चात्त्य देशांत याच कामासाठी आयोडीन-१२३ चं औषध वापरतात. युरोपात ते २००० साली आलं आणि अमेरिकेत २०११ साली मंजूर झालं. ट्रोडॅटचं पहिलं मानवी चित्र पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९९६ साली आलं. टेक्नेशियम कुठल्याही न्यूक्लिअर मेडिसिन विभागात रोज जनरेटरमधून काढतात, ते बाहेरून मागवून वेळेत पोचवायची कसरत लागत नाही. म्हणून आपल्याकडे ट्रोडॅट रुळला.

पण हा स्कॅन एकच गोष्ट पाहतो: तंतू आहेत की गेले. ते कंपवाताने गेले की पीएसपीने, हे त्याला कळत नाही. पीएसपीत तो बिघडलेला येतो, एमएसएत बिघडलेला येतो, कंपवातात बिघडलेला येतो. कधी पीएसपीत स्वल्पविरामाचं डोकंसुद्धा लवकर फिकं पडतं, कधी दोन्ही बाजू सारख्याच गेलेल्या दिसतात, पण एकट्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर मी पैज लावणार नाही. तुमच्या वडिलांचा ट्रोडॅट केलात तर नव्वद टक्के खात्रीने सांगतो, रिपोर्ट "अबनॉर्मल" येईल. कोणीतरी तुम्हाला "बघा, कंपवातच आहे" म्हणेल आणि तुम्ही जिथे होता तिथेच राहाल. खिसा मात्र हलका झालेला असेल.

मग तो कोणासाठी? ज्याच्याबाबत मूळ प्रश्नच असा आहे की डोपामिन गेलंय की नाही. हाताची थरथर आहे, पण ती कंपवाताची की साधी थरथर? मंदपणा औषधाने आलाय की औषधाने आत लपलेला कंपवात उघडा पाडलाय? एका हाताची थरथर स्नायूंच्या पिळामुळे आहे का? अशा वेळी स्कॅन नॉर्मल आला तर ते फार मोलाचं उत्तर असतं. कंपवाताच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे असा स्कॅन नॉर्मल असेल तर कंपवात म्हणताच येत नाही. अमेरिकेतल्या लेव्होडोपाच्या एका चाचणीत नव्याने कंपवाताचं निदान झालेले लोक घेतले होते. त्यातल्या १४२ जणांचे असे स्कॅन झाले, त्यातल्या २१ जणांचे नॉर्मल निघाले. हजारो तास रुग्ण बघितलेल्या तज्ज्ञांनी निवडलेले लोक होते ते.

आता तुमच्या आत्याबद्दल. वीस वर्षं दोन्ही हातांची थरथर, चहाचा कप उचलताना किंवा सुईत दोरा ओवताना जास्त, हात मांडीवर नुसता ठेवला की थांबते, चालणं-वळणं ठीक: हे असंच असेल तर ती इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे वर म्हटलेली साधी थरथर आहे. बऱ्याचदा आईला किंवा मामालाही ती असते. तिच्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला नाही ते योग्यच केलं. वीस वर्षांचा इतिहास हा कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा मोठा पुरावा आहे. मात्र पुढे कधी तिचा एक हात मांडीवर असताना गोळी वळल्यासारखा हलू लागला, किंवा चालताना तो हात लटकत राहू लागला, तर तेव्हा हा स्कॅन तिच्या कामाचा ठरेल.

वडिलांकडे येऊ. त्यांची लक्षणं वाचून मला जे वाटलं ते सांगतो, पण हे निदान नव्हे. पहिल्या दीड-दोन वर्षांतच मागच्या मागे पडणं, थरथर नसणं आणि गोळ्यांचा फरक न पडणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कंपवातापेक्षा पीएसपी आधी मनात यायला हवी. कंपवातातही लोक पडतात, पण सहसा बरीच वर्षं गेल्यावर. घरी तुम्ही काही गोष्टी बघू शकता. जिना उतरताना पायरी चुकते का? जेवताना आमटी-भात शर्टावर सांडतो का, ताटाकडे नजर खाली जात नाही म्हणून? खुर्चीत बसताना धप्पकन पडल्यासारखे बसतात का? चेहरा दचकल्यासारखा, डोळे विस्फारलेले राहतात का? तीन टाळ्या वाजवा म्हटलं तर चार-पाच वाजवत राहतात का? डॉक्टरांनी डोळ्यांची वर-खाली उडी तपासली का, तेही विचारा. पीएसपीत नजर खाली जाणं पूर्ण थांबण्याच्या कितीतरी आधी तिचा वेग मंदावतो. फक्त "बोटाकडे बघा" म्हणून बोट हळूहळू फिरवलं तर ते सुटून जातं.

आणि एमआरआय. साध्या कंपवातात नेहमीचा एमआरआय नॉर्मलच येतो. म्हणून पुष्कळ लोकांचा समज झालाय की या आजारांत एमआरआयचा उपयोग नाही. कंपवाताच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, पण त्याच्या तोतयांच्या बाबतीत एमआरआय बोलतो. फक्त योग्य चित्र उघडावं लागतं. डोकं मधोमध उभं कापल्यासारखं जे चित्र असतं, त्याला सॅजिटल म्हणतात. त्यातलं अगदी मधलं चित्र शोधा. मेंदूचा देठ त्यात स्पष्ट दिसतो: मधे पोट सुटल्यासारखा पुढे आलेला पॉन्स, त्याच्यावर मध्यमेंदू. निरोगी माणसात मध्यमेंदूची वरची कड फुगीर असते. पीएसपीत मध्यमेंदू झिजतो, ती कड आधी सपाट होते, मग आत खचते, आणि पुढचं टोक लांब चोचीसारखं दिसायला लागतं. पॉन्स म्हणजे पक्ष्याचं अंग आणि झिजलेला मध्यमेंदू म्हणजे डोकं-चोच. पाश्चात्त्य डॉक्टरांना यात हमिंगबर्ड दिसला. तो पक्षी आपल्याकडे नाही, पण जास्वंदीवर मध प्यायला येणारा शिंजीर डोळ्यांसमोर आणलात तरी चालेल.

"दिसतोय-दिसत नाही" यावर वाद होतात, म्हणून मोजणं बरं. २००५ साली जपानी डॉक्टरांनी याच चित्रावर मध्यमेंदूचं क्षेत्रफळ मोजलं. निरोगी लोकांत ते सरासरी ११७ चौरस मिलिमीटरच्या आसपास, कंपवातात १०३ च्या आसपास आणि पीएसपीत फक्त ५६. म्हणजे निम्म्याहूनही कमी. दुसऱ्या पद्धतीने सांगायचं तर निरोगी माणसात मध्यमेंदू पॉन्सच्या साधारण पाव भागाएवढा असतो, पीएसपीत एक-अष्टमांशाएवढा. मी सहसा हेच प्रमाण बघतो, कारण माणूस लहान चणीचा असेल तर त्याचं सगळंच लहान असतं आणि नुसता आकडा फसवतो. त्याहून सोपं म्हणजे रुंदी मोजणं: मध्यमेंदूची रुंदी ९.३५ मिलिमीटरपेक्षा कमी आणि ती पॉन्सच्या रुंदीच्या ०.५२ पटींपेक्षा कमी असेल, तर पीएसपीची बाजू भक्कम होते. हे आकडे मृत्यूनंतर मेंदू तपासून निदान पक्कं झालेल्या रुग्णांवरून २०१३ साली ठरवलेले आहेत. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ साली याच्या पुढे जाऊन एक निर्देशांक काढला. त्यात पॉन्स आणि मध्यमेंदूच्या क्षेत्रफळांबरोबर लहान मेंदूला जोडणाऱ्या दोन दांड्यांची जाडीही धरतात. त्यातली वरची दांडी पीएसपीत बारीक होते, म्हणून निर्देशांक वाढतो.

यातलं काहीही करायला नवीन स्कॅन लागत नाही. रेडिओलॉजिस्टला संगणकावर दोन रेघा ओढायला पाच मिनिटं पुरतात. मग रिपोर्टमध्ये हे का नाही? कारण बहुधा कुणी विचारलंच नाही. एमआरआयच्या चिठ्ठीवर नेहमी "चक्कर" किंवा "अशक्तपणा" एवढंच लिहिलेलं असतं. रेडिओलॉजिस्ट मग पक्षाघात नाही ना, गाठ नाही ना, रक्तस्राव नाही ना, हे बघतो आणि उरलेलं "वयानुसार बदल" या वाक्यात जातं. दिवसाला पन्नास-साठ डोकी बघणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर म्हणून हे काम आमचं होतं.

तेव्हा तुम्ही असं करा. एमआरआय सेंटरमधून सीडी मागवा. काळी फिल्म नको, सीडीच, कारण फिल्मवर नीट मोजता येत नाही. ती हालचालींचे आजार बघणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे न्या आणि सरळ विचारा: "मध्यमेंदू आणि पॉन्सचं माप काढाल का?" स्कॅन जाड चकत्यांचा असेल, मधली चकतीच नीट आलेली नसेल, तर मात्र पुन्हा करावा लागेल. त्या वेळी पातळ चकत्यांचा थ्रीडी टी-वन आणि एसडब्ल्यूआय हे चित्रांचे दोन्ही प्रकार मागा, आणि चिठ्ठीवर "पीएसपी, एमएसए की कंपवात?" असं लिहून घ्या. यासाठी ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे यंत्राच्या चुंबकाची ताकद) यंत्र मिळालं तर चांगलंच, पण मध्यमेंदू मोजायला दीड टेस्लाचं यंत्रही पुरतं. वडिलांची मान ताठ असेल तर आधीच सांगा, उशीची सोय करतात. डोकं हललं की सगळं वाया जातं.

एसडब्ल्यूआय म्हणजे लोह दाखवणारं चित्र. ३ टेस्लावर निरोगी माणसाच्या सबस्टॅन्शिया नायग्रात एक छोटा पांढरा ठिपका दिसतो आणि त्याच्यामुळे तो भाग भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा वाटतो. कंपवातात तो ठिपका नाहीसा होतो. सुंदर खूण आहे. पण पीएसपी आणि एमएसएतही तो जातो, म्हणजे वडिलांच्या प्रश्नावर हीसुद्धा ट्रोडॅटइतकीच मुकी.

मोजणीचे सापळेही सांगायला हवेत. आजाराच्या सुरुवातीला मध्यमेंदू पूर्ण ठीक दिसू शकतो, विशेषतः नुसता पाय चिकटण्याचा किंवा कंपवातासारखा दिसणारा पीएसपीचा प्रकार असेल तर. माप नॉर्मल आलं म्हणून पीएसपी नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. वर्षभराने त्याच यंत्रावर पुन्हा मोजणं हा त्याचा उपाय. आणि उलटही होतं: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्या असतील तर त्या दाबामुळे मध्यमेंदूची वरची कड सपाट दिसते आणि पीएसपीचा भास होतो.

या पाण्याच्या आजाराबद्दल थोडं थांबतो, कारण तो काहींचा बरा होतो. त्याला एनपीएच (नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस) म्हणतात, १९६५ साली हकीम आणि ॲडम्स यांनी तो पुढे आणला. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसराळूपणा, ही त्याची तीन लक्षणं. एमआरआयवर पोकळ्यांची रुंदी कवटीच्या आतल्या रुंदीच्या ०.३ पटींहून जास्त असते, डोक्याच्या माथ्याकडच्या घड्या घट्ट आवळलेल्या दिसतात आणि बाजूची फट उलट रुंद दिसते. शंका आली तर कण्यातून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून, आधी आणि नंतर चालवून बघतात, व्हिडिओ काढून. फरक दिसला तर जादा पाणी काढून देणारी नळी बसवण्याचं ऑपरेशन विचारात घेतात. पण सावध राहा, पीएसपीच्या रुग्णांना एनपीएच समजून नळी बसवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. डोळे तपासलेले नव्हते.

एमएसएची गोष्ट वेगळी. त्यात उभं राहिलं की रक्तदाब कोसळतो, लघवीचा त्रास लवकर सुरू होतो, झोपेत घशातून घर्र असा श्वास आत ओढला जातो. रक्तदाब झोपून आणि मग तीन मिनिटं उभं राहून मोजायचा. वरचा आकडा २० ने उतरला तर नोंद घ्यायची. रक्तदाबाचं यंत्र शेजारच्या दवाखान्यातही आहे आणि कित्येकदा कोट्यवधींच्या यंत्रापेक्षा जास्त सांगून जातं. एमआरआयवर एमएसएत पॉन्स झिजतो आणि त्यात अधिकचं चिन्ह उमटतं, गुड फ्रायडेला बेकरीत मिळणाऱ्या क्रॉसच्या पावासारखं. आडवे जाणारे तंतू मरतात, म्हणून ते चिन्ह पांढरं दिसतं. मात्र हेच चिन्ह काही आनुवंशिक अटॅक्सियांत, म्हणजे तोल जाण्याच्या आजारांतही दिसतं आणि भारतात ते आजार कमी नाहीत. म्हणून घरात आणखी कोणाचा तोल जातो का, हे विचारल्याशिवाय मी एमएसए लिहीत नाही. पुटामेनच्या बाहेरच्या कडेला पांढरी रेघ दिसली की काही रिपोर्ट लगेच एमएसए म्हणतात. ३ टेस्लावर अशी बारीक रेघ निरोगी माणसालाही असते. पुटामेन खरंच बारीक झालंय का, ते बघायचं.

एमआरआय पाहूनही गाठ सुटली नाही तर माझी पुढची पसंती एफडीजी पेट स्कॅनला, ट्रोडॅटला नाही. हा तोच पेट स्कॅन जो कॅन्सरसाठी करतात, फक्त मेंदूचा. मेंदूचा कुठला भाग किती साखर खातो हे तो दाखवतो. कंपवातात पुटामेन आणि आसपासचा भाग साखर नेहमीइतकी किंवा जरा जास्तच खातो. एमएसएत पुटामेन आणि लहान मेंदू थंड पडलेले दिसतात. पीएसपीत मध्यमेंदू आणि कपाळामागचा मधला पट्टा थंड. म्हणजे इथे आजाराचा ठसा मिळतो, नुसता तुटलेला तंतू नाही. न्यूयॉर्कजवळच्या एका गटाने २०१० साली १६७ रुग्णांवर संगणकाने हे ठसे वेगळे काढून दाखवले. स्कॅन आधी केले होते आणि निदान नंतर कित्येक महिने-वर्षं रुग्णांकडे लक्ष ठेवून पक्कं केलं होतं, म्हणून त्या कामाला वजन आहे. २०१६ साली दिल्लीच्या एम्सच्या रुग्णांवरही हीच पद्धत पडताळली गेली. मात्र चित्र वाचणाऱ्याला मेंदूचे पेट वाचायचा सराव हवा. साखर नियंत्रणात हवी, उपाशीपोटी जायचं, आणि इंजेक्शननंतर मंद उजेडाच्या खोलीत शांत पडून राहायचं, कारण गप्पा मारल्या की मेंदूचे बोलण्याचे भागच चमकतात.

आता एक गोष्ट जी कुठल्याही स्कॅनच्या आधी करायची: वडिलांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे साठीच्या एक बाई आल्या होत्या, मंद झालेल्या, चेहरा कोरा. मी कंपवात म्हटलं, लेव्होडोपा सुरू केलं आणि आठ महिने मात्रा वाढवत राहिलो. एका भेटीत त्यांची सून बरोबर आली आणि तिने पर्समधून पोटातल्या गॅससाठी रोज सकाळी घ्यायची कॅप्सूल काढून दाखवली. त्यात लेव्होसल्पिराइड होतं. हे औषध डोपामिनचा रस्ता अडवतं. मी विचारलं होतं, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" आणि त्या "नाही" म्हणाल्या होत्या, कारण गॅसची गोळी म्हणजे औषध असं त्यांना वाटतच नव्हतं. कॅप्सूल बंद केली, चार-पाच महिन्यांत बाई पूर्ववत झाल्या. ते आठ महिने मी त्यांचे घालवले, हे मला अजून बोचतं. चक्करेसाठी वर्षानुवर्षं चालू राहिलेली सिनारिझिन, अर्धशिशीसाठीची फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, मनाच्या आजारांवरची काही औषधं, ही सगळी अशीच. मनाच्या आजारांवरची औषधं मात्र स्वतःहून कधीही बंद करू नका, त्या डॉक्टरांशी बोलूनच. आणि औषध बंद करून सहा महिन्यांतही माणूस सुधारला नाही, तर तेव्हा ट्रोडॅट करावा. तिथे तो नेमका कामाचा आहे.

दुसरं असं की "गोळ्यांचा फरक नाही" हे किती मात्रेवर? दिवसाला ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा घेऊन फरक नाही म्हणणं घाईचं आहे. जेवणाआधी, रिकाम्या पोटी, हळूहळू वाढवत, सोसलं तर दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत जाऊन महिनाभर थांबायचं आणि मग ठरवायचं. हे अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तदाब सांभाळत. हीसुद्धा एक तपासणीच आहे आणि ती स्वस्त आहे.

तुमच्याकडे लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी पन्नाशीच्या आतला माणूस थरथरत किंवा ताठरत असेल तर: रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्पवर डोळ्यांतली तांबूस-हिरवी कड, हे तपासल्याशिवाय कंपवात हा शब्द ऐकून घेऊ नका. विल्सनच्या आजारात तांबं साठतं, एमआरआयवर मध्यमेंदूत कधी पांडाचा चेहराही दिसतो, आणि वेळेत धरला तर हा आजार आटोक्यात येतो. सापडला तर भावंडांचीही तपासणी करायची.

कधी कधी लोक मला विचारतात की पीएसपी बरी होत नाही, मग हे कळून काय मिळणार? खूप काही मिळतं. मेंदूत तारा बसवण्याचं ऑपरेशन कंपवातात निवडक लोकांना मोठा आधार देतं, पीएसपी आणि एमएसएत ते करायचं नसतं. निदान चुकलं तर काही लाख रुपये आणि त्याहून मोठी आशा पणाला लागते. गोळ्या नुसत्या वाढवत नेल्या तर भास होतात, चक्कर येते. आणि घरच्यांना हे कळायला हवं की वडील "मुद्दाम दुर्लक्ष करून" पडत नाहीयेत. त्यांना खाली दिसतच नाही आणि मागे जाताना तोल सावरणारा मेंदूचा भागच झिजलाय. हे समजलं की घरातली चिडचिड अर्धी होते, मी कितीतरी घरांत पाहिलंय.

सीडी वाचून होईपर्यंत थांबायचं नाही अशा दोन गोष्टी आहेत. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना कठडे बसवा आणि वडिलांना मागे वळताना हाताला धरून छोट्या पावलांनी गोल वळवा, कारण मागचं पडणं बहुतेक वेळा वळतानाच होतं. आणि गिळताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला-घरघरीत होतो का, यावर लक्ष ठेवा. तसं असेल तर वाणीतज्ज्ञाकडून गिळण्याची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. पातळ पाण्यानेच ठसका लागत असेल तर ते किती घट्ट करायचं, मान कशी ठेवायची, हे त्या दाखवतील. माप काढून झालं की आकडे लिहून पाठवा, ते बघून पुढचं सांगेन.